धर्मग्रामातील धर्मशिक्षण : मुलांआधी मोठ्यांचा विचार

कॅथलिक ख्रिस्तसभेत धर्मशिक्षणासाठी 'कॅटेकेसिस' हा शब्द पूर्वापार रूढ आहे. तो मूळचा ग्रीक असून ज्या क्रियापदापासून तो आला, त्यात आवाज घुमवणे, कानी घालणे हा भाव आहे. म्हणजे कानांवर पडलेली शिकवण ऐकणाऱ्याच्या तोंडून आणि वागण्यातून पुन्हा उमटावी, ही अपेक्षा त्या शब्दातच सामावलेली आहे. आज मात्र हा शब्द उच्चारताच धर्मग्रामातील बहुतेकांच्या डोळ्यांसमोर रविवारच्या मिस्सेनंतर शाळेच्या बाकांवर बसलेली सात-आठ वर्षांची मुले येतात आणि मोठ्यांचा या गोष्टीशी असलेला संबंध मुलांना वेळेवर आणून सोडण्यापुरता व परत नेण्यापुरता उरतो. धर्मग्राम, म्हणजे एका चर्चशी व तेथील प्रमुख धर्मगुरूंशी जोडलेला श्रद्धावंतांचा स्थानिक समाज, आपल्या धर्मशिक्षणाची आखणी करायला बसतो तेव्हा हा समज आधी तपासून पाहणे इष्ट ठरते, कारण तो इतिहासाला धरून नाही आणि ख्रिस्तसभेच्या आदेशांनाही धरून नाही.

पहिल्या काही शतकांत धर्मशिक्षण हे मुख्यतः प्रौढांसाठीच होते. स्नानसंस्कार घेऊ इच्छिणाऱ्या स्त्री-पुरुषांना दीक्षार्थी म्हणून दीर्घ काळ शिकवण दिली जाई, त्यांच्या जगण्यात काय फरक पडला हे पाहिले जाई आणि मगच पुनरुत्थानाच्या रात्री त्यांना संस्कार दिले जात. चौथ्या शतकात जेरुसलेमचे बिशप सिरिल यांनी अशा दीक्षार्थींना दिलेली प्रवचने आजही उपलब्ध आहेत. तान्ह्या बाळांचा स्नानसंस्कार सार्वत्रिक झाल्यावर आधी शिकवण आणि मग संस्कार हा क्रम उलटला, आणि संस्कारामागून येणाऱ्या शिकवणीची जबाबदारी घरावर आली. घर ती नीट पार पाडत नाही असे दिसू लागल्यावर मुलांचे वर्ग वाढले. पोप दहावे पायस यांनी १९०५ साली काढलेल्या परिपत्रात वर्षभर दर रविवारी व सणाच्या दिवशी तासभर मुलामुलींना धर्मशिक्षण द्यावे असा आदेश दिला, तो बहुतेक धर्मग्रामांत कमीअधिक निष्ठेने पाळला जातो. परंतु त्याच परिपत्रात प्रवचनाव्यतिरिक्त प्रौढांनाही नियमित धर्मशिक्षण द्यावे असा आदेश होता, त्याची आठवण फारशी कोणी ठेवलेली नाही. १९७१ साली रोमहून निघालेल्या धर्मशिक्षणविषयक मार्गदर्शिकेने तर प्रौढांचे धर्मशिक्षण हेच धर्मशिक्षणाचे प्रमुख रूप मानावे असे स्पष्ट म्हटले आणि पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९७९ साली त्याचा पुनरुच्चार केला.

याचा व्यवहारातला अर्थ असा की, धर्मग्रामाने आपल्या वेळाची, पैशाची आणि चांगल्या शिक्षकांची वाटणी करताना मोठ्यांच्या वाट्याला उरलेसुरले ठेवू नये. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदासंहितेतील ७७४ वे कलम शब्दाने आणि उदाहरणाने मुलांना श्रद्धेत घडवण्याची पहिली जबाबदारी आईवडिलांवर टाकते आणि धर्मपिता व धर्ममाता यांनाही तितकेच बांधून घेते. जे पालकांना स्वतःला उमगलेले नाही ते त्यांनी मुलांना सांगावे, ही अपेक्षा ठेवायची आणि त्यांना उमगावे यासाठी काही करायचे नाही, ही आजच्या व्यवस्थेतील मोठी विसंगती आहे. आठवड्यातील एकशे अडुसष्ट तासांपैकी एक तास वर्गाचा असतो; बाकीच्या वेळात मूल घरात जे पाहते त्यावर त्या एका तासाचे भवितव्य ठरते.

मोठी माणसे वर्गाला येत नाहीत, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते आणि ती खोटी नाही. परंतु ती येत नाहीत त्यामागे अनास्थेइतकाच आखणीचा दोषही असतो. वसई-विरारहून पहाटेची गाडी पकडून मुंबईला कामाला जाणारा माणूस आठवड्याच्या मधल्या दिवशी संध्याकाळी सात वाजता चर्चच्या सभागृहात येईल, असे गृहीत धरून कार्यक्रम आखला तर तो ओस पडणारच. त्याऐवजी मोठी माणसे ज्या प्रसंगी आपण होऊन चर्चच्या दारात येतात, ते प्रसंग धरून ठेवावेत. बाळाचा स्नानसंस्कार, मुलाचे पहिले कम्युनियन, लग्न आणि घरातील मृत्यू, असे हे चार प्रसंग आहेत. यांतील प्रत्येक प्रसंगी माणसाचे मन नेहमीपेक्षा मऊ असते आणि त्याला खरे प्रश्न पडलेले असतात.

स्नानसंस्काराच्या तयारीचेच उदाहरण घ्यावे. संहितेनुसार आईवडील व धर्मपालक यांना त्या संस्काराचा अर्थ व त्यातून येणारी कर्तव्ये नीट समजावून देणे आवश्यक आहे, तसेच मूल कॅथलिक श्रद्धेत वाढवले जाईल अशी साधार आशा असावी लागते. धर्मपालकाचे वय सामान्यतः सोळा वर्षे पूर्ण असावे, त्याला दृढीकरण संस्कार मिळालेला असावा, तो ख्रिस्तशरीर स्वीकारणारा असावा आणि त्याचे जगणे श्रद्धेला साजेसे असावे, अशाही अटी आहेत. प्रत्यक्षात ही निवड नात्यागोत्याच्या मानपानावर होते आणि तयारी म्हणजे कार्यालयात प्रमाणपत्रे देऊन अर्ज भरणे एवढीच उरते. त्याऐवजी बाळाच्या जन्माआधीच, दोन निवांत बैठका त्या घरी जाऊन घ्याव्यात. पहिलीत संस्कारविधीतील पाणी, तेल, शुभ्र वस्त्र आणि मेणबत्ती या चार खुणांचा अर्थ उलगडावा, आणि दुसरीत रोज संध्याकाळी घरात कोणती प्रार्थना म्हटली जाईल, कोण म्हणेल, कुठे बसून म्हटली जाईल, इतक्या साध्या प्रश्नांवर बोलावे. बैठका घेणारे जोडपे स्वतः लहान मुलांचे पालक असेल तर धर्मगुरूंच्या व्याख्यानापेक्षा त्यांचे बोलणे अधिक पोचते.

मृत्यूचा प्रसंग सर्वांत दुर्लक्षित आहे. कोणी गेल्यावर घरी होणाऱ्या प्रार्थनांना जमलेल्यांमध्ये एरवी चर्चची पायरी न चढणारे नातलग असतात, आणि पुनरुत्थान, शुद्धीस्थान, मृतांसाठी प्रार्थना या विषयांवर कॅथलिक श्रद्धा नेमके काय म्हणते हे ऐकायला ते त्या दिवशी तयार असतात. त्या वेळी दहा मिनिटांचे शांत, नेमके विवेचन करणारा प्रशिक्षित प्रापंचिक माणूस प्रत्येक आळीत असेल तर वर्षभरात शेकडो प्रौढांपर्यंत शिकवण पोचते.

नियमित प्रौढशिक्षणासाठी दहा-पंधरा घरांचा छोटा समूह हे सर्वांत सोयीचे साधन होय, आणि त्याचा पाठ्यक्रम ख्रिस्तसभेने आधीच तयार करून ठेवलेला आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर रविवारच्या मिस्सेतील वाचने तीन वर्षांच्या चक्रात बसवण्यात आली : 'अ' वर्षात प्रामुख्याने मत्तयचे शुभवर्तमान, 'ब' वर्षात मार्कचे आणि 'क' वर्षात लूकचे, तर योहानचे शुभवर्तमान विशेषतः प्रायश्चित्तकाळ व पुनरुत्थानकाळात येते. ज्या इसवी सनाला तीनने पूर्ण भाग जातो ते 'क' वर्ष, ही ओळखीची साधी खूण आहे. फक्त उपासनावर्ष जानेवारीत सुरू न होता त्याआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरू होते हे ध्यानात ठेवावे लागते. समूहाने येत्या रविवारचे शुभवर्तमान आदल्या आठवड्यात एकत्र वाचावे, न समजलेला शब्द कोणता ते विचारावे, आणि त्यातील कोणती गोष्ट आपल्या आळीत आज घडते आहे यावर बोलावे. फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'सारखे सुगम मराठीतले आणि टिपांची जोड असलेले भाषांतर हाताशी असेल तर समूहप्रमुखाला फार मोठ्या विद्वत्तेची गरज पडत नाही. बैठक पाऊण तासात संपवावी. चहा नंतर असावा, आधी नको.

शिकवणीची सलग, क्रमवार ओळख करून घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी १९९२ साली प्रकाशित झालेला कॅथलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ हा आधार आहे. श्रद्धासूत्र, संस्कार, ख्रिस्ती आचरण आणि प्रार्थना असे त्याचे चार भाग असून त्यात २८६५ परिच्छेद आहेत, त्यामुळे सामान्य वाचक त्याच्या आकारानेच दबतो. २००५ साली निघालेल्या त्याच्या संक्षेपात हीच शिकवण ५९८ प्रश्नोत्तरांत मांडली आहे. आठवड्याला बारा प्रश्न घेतले तर पन्नास आठवड्यांत सगळा संक्षेप वाचून होतो. मात्र प्रश्नोत्तरांचा हा मार्ग ज्यांना आधीच भूक लागली आहे त्यांच्यासाठीच ठेवावा. ज्याला प्रश्नच पडलेला नाही त्याच्यासमोर उत्तरे ठेवून उपयोग होत नाही.

या ठिकाणी गोवा-कोकणातील एका जुन्या प्रयोगाचे स्मरण उपयुक्त ठरते. १५४२ साली गोव्यात आलेले फ्रान्सिस झेवियर रस्त्यांतून घंटा वाजवत मुलांना व गुलामांना धर्मशिक्षणासाठी बोलावत आणि शिकवण गाण्यात बसवून म्हणवून घेत. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी पुढचे पाऊल टाकले. नवख्रिस्ती मोठ्यांनी आपली पूर्वीची पुराणे सोडली होती, परंतु पुराण ऐकण्याची त्यांची ओढ सुटली नव्हती. ती ओळखून स्टीफन्स यांनी जुन्या व नव्या कराराची कथा मराठी ओव्यांत रचली आणि १६१६ साली राचोल येथे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. लोकांच्या कानाला जो घाट आधीच परिचित आहे त्यात शिकवण ओतली की प्रौढ माणूस स्वतःहून ऐकायला बसतो, हे त्यातून घेण्यासारखे आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील गावांत, जेथे सप्टेंबरमध्ये हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला मोठी गर्दी लोटते, तेथील धर्मग्रामांना भजन-कीर्तनाचा घाट आजही हाताशी आहे; सभागृहात पडद्यावर चलचित्रे दाखवण्याआधी त्याचा विचार व्हावा.

आता मुलांच्या वर्गांकडे वळता येईल. धर्मग्रामाच्या वर्गाची गरज शाळेमुळे कमी होत नाही. ज्या शिक्षणसंस्था पूर्णपणे सरकारी निधीवर चालतात तेथे भारतीय संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदानुसार धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थेत अल्पवयीन विद्यार्थ्याला पालकांच्या संमतीशिवाय अशा शिक्षणास बसवता येत नाही. कॅथलिक शाळांत सर्व धर्मांच्या मुलांसाठी मूल्यशिक्षण असते. ते चांगलेच आहे, पण ते धर्मशिक्षण नव्हे.

वर्गाची वेळ पाऊण तासाहून अधिक असू नये आणि तो मिस्सेला जोडूनच असावा, मिस्सेच्या ऐवजी नव्हे. पाठांतराला हल्ली कमी लेखण्याची पद्धत आहे, आणि त्यात एक प्रकारचा आळस दडलेला आहे. प्रभूची प्रार्थना, नमो मरिया, प्रेषितांचे श्रद्धासूत्र, दहा आज्ञा, पश्चात्तापाची प्रार्थना एवढे मुलाला तोंडपाठ असलेच पाहिजे, कारण सत्तराव्या वर्षी रुग्णालयात खाटेवर पडलेल्या माणसाला आठवते ते सातव्या वर्षी पाठ केलेलेच. परंतु पाठ केलेल्या प्रत्येक ओळीमागे एक गोष्ट, एक कृती किंवा एक जागा असावी. स्नानसंस्कार शिकवायचा तर वर्ग चर्चमधील स्नानकुंडापाशी भरवावा. आज्ञा शिकवायच्या तर सिनाय पर्वताची गोष्ट आधी सांगावी. खुद्द चर्चची इमारत हे मुलांचे पहिले पाठ्यपुस्तक आहे, आणि ते फुकट मिळते.

पहिल्या कम्युनियनची तयारी हा मुलांच्या धर्मशिक्षणातील सर्वांत गजबजलेला आणि सर्वांत बिघडलेला टप्पा आहे. दहाव्या पायस यांनीच १९१० साली, मूल सारासार विचार करण्याच्या वयात, म्हणजे साधारण सातव्या वर्षी आले की त्याला ख्रिस्तशरीर द्यावे असे ठरवले आणि त्यासाठी ज्ञानाची अट अगदी माफक ठेवली : वयाला झेपेल इतपत श्रद्धेची मुख्य तत्त्वे कळावीत आणि साधी भाकर व ही भाकर यांतला फरक मुलाला ओळखता यावा. त्याआधी पापनिवेदन होणे आवश्यक आहे. या साध्या गोष्टीभोवती आज महागडे पोशाख, छायाचित्रकार, सभागृह आणि जेवणावळ यांचा असा पसारा वाढला आहे की, त्या दिवशी काय घडले असे विचारल्यास मूल भेटवस्तूंची यादी सांगते. धर्मग्रामाने सर्व मुलांसाठी एकच साधा पोशाख ठरवून द्यावा, छायाचित्रे मिस्सेनंतरच घेतली जावीत असा नियम करावा, आणि तयारीच्या वर्षात पालकांसाठी निदान पाच बैठका अनिवार्य कराव्यात. पालक आले नाहीत म्हणून मुलाला संस्कारापासून वंचित ठेवू नये. पण ते का आले नाहीत हे विचारायला कोणीतरी घरी जावे.

दृढीकरण संस्कारानंतर मुले दिसेनाशी होतात, याचे कारण तो संस्कार शाळा सोडल्याच्या दाखल्यासारखा वागवला जातो. यावर उपाय एकच : दृढीकरण घेणाऱ्या प्रत्येक तरुणाला धर्मग्रामात एक निश्चित काम द्यावे, मग ते वाचकाचे असो, गायनवृंदातील असो, विन्सेंट डी पॉल संस्थेबरोबर गरजूंच्या घरी जाण्याचे असो किंवा लहान मुलांच्या वर्गात मदतीचे असो.

भाषेचा प्रश्न वसईच्या पट्ट्यात विशेष जाणवतो. आजी सामवेदीत किंवा वाडवळीत बोलते, मिस्सा मराठीत होते आणि मूल शाळेत इंग्रजी शिकते. परिणामी तेच मूल एकाच प्रार्थनेचे दोन-तीन अर्धवट पाठ घेऊन वावरते. विवरण मुलाला कळेल त्या भाषेत करावे, त्यात कोणताही अभिमान आड येऊ देऊ नये. परंतु पाठ करायच्या प्रार्थना मात्र घरातील संध्याकाळच्या जपमाळेच्या भाषेतच असाव्यात. आजी आणि नातू एकत्र गुडघे टेकतात तेव्हा दोघांच्या ओठांवर एकच शब्द असले पाहिजेत, नाहीतर घर आणि वर्ग यांतला दुवा तुटतो. अमेरिकेत किंवा आखाती देशांत स्थायिक झालेल्या मराठी कॅथलिक कुटुंबांना तर हा दुवा जाणीवपूर्वक जपावा लागतो.

आंतरधर्मीय विवाहांतील घरांकडे धर्मग्रामाने विशेष नाजूकपणे पाहावे. अशा विवाहाची परवानगी देताना कॅथलिक जोडीदाराकडून, मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढवण्यासाठी आपल्याकडून होईल ते सर्व करण्याचे वचन घेतले जाते आणि दुसऱ्या जोडीदाराला त्याची कल्पना दिली जाते; वचन दुसऱ्याकडून घेतले जात नाही, हा भेद शिक्षकांनी नीट समजून घ्यावा. त्या घरातील मुलासमोर वर्गात दुसऱ्या धर्माची टिंगल झाली तर ते मूल आपल्या आईचा किंवा वडिलांचा अपमान ऐकत असते.

प्रौढ वयात स्नानसंस्कार मागणाऱ्यांसाठी १९७२ साली जुना दीक्षार्थीक्रम नव्याने मांडण्यात आला. जिज्ञासेचा काळ, शिकवणीचा दीर्घ काळ, प्रायश्चित्तकाळातील अंतिम तयारी आणि संस्कारांनंतर पुनरुत्थानकाळात त्यांचा अर्थ आत मुरवण्याचा काळ, असे त्याचे चार टप्पे आहेत. यात घाई करणे सर्वथा अयोग्य आहे. कोणावरही श्रद्धेची सक्ती करता येत नाही हे ख्रिस्तसभेच्या संहितेतच नमूद आहे. म्हणून माणसाचा हेतू निर्मळ व निर्णय स्वतंत्र आहे याची खात्री आणि स्थानिक कायद्याची पूर्तता, या दोन्ही गोष्टी आधी व्हाव्यात. लग्नाची तारीख ठरली आहे म्हणून तीन आठवड्यांत दीक्षा उरकणे म्हणजे त्या माणसाचा अवमानच होय.

हे सर्व ज्यांच्यावर अवलंबून आहे ते शिक्षक बहुधा विनावेतन काम करतात, आणि त्यांना वर्षारंभी पुस्तक देऊन वर्षअखेरीस भेटवस्तू देण्यापलीकडे कोणी विचारत नाही. पोप फ्रान्सिस यांनी १० मे २०२१ रोजी धर्मशिक्षकाच्या कार्याला प्रापंचिकांसाठी अधिकृत सेवापदाचा दर्जा दिला, यावरून त्या कामाचे वजन लक्षात यावे. शिक्षकांची महिन्यातून एक बैठक व्हावी आणि तिच्यात वेळापत्रकापेक्षा पुढच्या चार पाठांचा अभ्यास व्हावा. सुमारे इ. स. ४०० मध्ये कार्थेजच्या देओग्रातियास नावाच्या उपधर्मगुरूने, शिकवताना आपल्याला स्वतःलाच कंटाळा येतो अशी तक्रार संत ऑगस्टीन यांच्याकडे केली होती. तिला उत्तर म्हणून ऑगस्टीन यांनी एक अख्खे पुस्तक लिहिले आणि शिकवणाऱ्याचा आनंद कसा टिकेल याची त्यात विशेष चिंता केली. आजच्या शिक्षकालाही तोच कंटाळा येतो आणि त्याचीही अशीच विचारपूस व्हायला हवी.

मुलांच्या सुरक्षिततेबाबत मात्र सौजन्याने गप्प राहण्याची मुभा नाही. कोणताही शिक्षक, धर्मगुरू वा धर्मभगिनी मुलाबरोबर बंद खोलीत एकटे असू नये, प्रत्येक वर्गात दोन प्रौढ असावेत, आणि काही गैर कळल्यास ते धर्मग्रामातच मिटवण्याचा प्रयत्न न करता पोलिसांना कळवावे. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार ते बंधनकारक आहे आणि न कळवणे हा गुन्हा आहे.

नव्या वर्षाचे वर्ग शाळांबरोबर जूनमध्ये सुरू होतात आणि त्याआधी मुलांच्या नोंदणीचे अर्ज वाटले जातात. प्रमुख धर्मगुरूंनी व धर्मग्राम परिषदेने या वर्षी त्या अर्जावर मुलाच्या नावाखाली आणखी एक रकाना छापावा, आणि मुलाचे आई-वडील स्वतः कोणत्या समूहात, कोणत्या वारी बसणार आहेत हे त्यात त्यांच्याकडून लिहून घ्यावे.